प्रॉमिस्ड नेव्हरलँडचा दुसरा सीझन: नेमकं कुठे बिनसलं? (रहस्यभेद आहे)

पानापानात

आधीच सांगते, या धाग्यात मांगाचा (म्हणजे मूळ जपानी चित्रकथेचा) शेवट आणि मालिकेचे दोन्ही सीझन सगळं फोडलेलं आहे. पहिला सीझन बघायचा असेल तर इथूनच मागे फिरा. कथा थोडक्यात: ग्रेस फील्ड दिसायला अनाथाश्रम, पण खरं तर राक्षसांच्या खाण्यासाठी पोरं वाढवणारं फार्म. 'आई' इझाबेला त्यांना सांभाळते आणि ठरल्या दिवशी एकेकाची राक्षसांकडे पाठवणी करते. एमा, नॉर्मन आणि रे हे कळल्यावर पळायचा बेत आखतात.

पहिला सीझन जानेवारी ते मार्च २०१९, भाग १२. दुसरा जानेवारी ते मार्च २०२१, भाग ११. स्टुडिओ तोच, क्लोव्हरवर्क्स. दिग्दर्शक तोच, मामोरू कान्बे. मूळ कथा काइउ शिराई, चित्रं पोसुका देमिझू. शोनेन जंप साप्ताहिकात ऑगस्ट २०१६ ते जून २०२० अशी १८१ प्रकरणं आली, खंड २०. म्हणजे दुसरा सीझन पडद्यावर यायच्या आधी मांगा संपलेला होता. 'मूळ कथाच अर्धवट होती, बिचारे काय करणार' ही सबब इथे चालत नाही.

आता हिशेब बघा. पहिल्या सीझनने ३७ प्रकरणं १२ भागांत घेतली, भागाला साधारण तीन. उरली १४४. ती ११ भागांत बसवली, म्हणजे भागाला तेरा. बसवली म्हणायचं आपलं. निम्म्याहून जास्त फेकून दिली आणि उरलेल्याला ठिगळं लावली.

पण 'फार कापलं' एवढीच तक्रार असती तर धागा काढला नसता. कापाकापी सगळेच करतात. माझं म्हणणं असं की, एमा जेव्हा म्हणते 'राक्षसांना सरसकट मारायचं नाही', त्या वाक्याला मांगात वजन होतं आणि मालिकेत उरलं नाही. ते वजन जिथून येत होतं नेमका तोच भाग वगळला. पात्रं फसली ती त्यामुळे.

मांगात ग्रेस फील्डमधून निसटल्यावर ही पंधरा पोरं मिनर्व्हा या गुप्त मदतनीसाने सांगितलेल्या बी०६-३२ या तळघरात पोहोचतात. तिथे एक माणूस आधीच राहतोय, युगो. ग्लोरी बेल नावाच्या दुसऱ्या फार्ममधून तो असाच पळाला होता. सोबतचे गेले आणि तेरा वर्षं तो एकटा. मुलं दारात बघून त्याला आनंद होत नाही, उलट ती टळावीत असंच त्याला वाटतं. कारण एमा आज जे बोलतेय ते तो तेरा वर्षांपूर्वी बोलला होता आणि त्याची किंमत त्याने मोजली होती. पुढे गोल्डी पाँड. राक्षस सरदारांचं शिकारीचं रान. पोरांना एका कृत्रिम गावात सोडायचं, दर तीन दिवसांनी संगीत वाजलं की शिकार सुरू. एमा तिथे अडकते. तिच्या डोळ्यांदेखत मुलं मरतात आणि लेउविस या सरदाराला मारण्यात तिचाही हात असतो.

म्हणजे पुढे नॉर्मन 'सगळे राक्षस संपवू' म्हणतो तेव्हा नको म्हणणारी मुलगी राक्षस मारून आलेली आहे. शिकार होणं काय असतं ते तिला माहीत आहे, शिकार करणं काय असतं तेही. मालिकेत युगो नाही, गोल्डी पाँड नाही, लेउविस नाही. तळघर रिकामं. तीच एमा तेच वाक्य बोलते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, पोरगी भाबडी आहे.

---

चौकोनी

अनुमोदन. एक भर घालतो.

पहिल्या सीझनमध्ये प्रत्येक योजना फसते आणि प्रत्येक फसण्याला किंमत असते. दोरी लपवली तर आईची मदतनीस क्रोन हुंगत येते. रे आपला म्हणावा तर तो आईचा खबऱ्या निघतो. एमाचा पाय इझाबेला स्वतः मोडते. नॉर्मन भिंतीवर चढून खाली बघतो तर पलीकडे खोल दरी, आणि त्याच रात्री त्याची पाठवणी. शेवटी कानातल्या माग काढणाऱ्या यंत्रासाठी एमा स्वतःचा कान कापते. एकही गोष्ट फुकट मिळत नाही.

दुसऱ्या सीझनमध्ये सगळं फुकट. माणूस शिल्लक नाही, पण तळघर धान्यासकट तयार. तिथे सशस्त्र माणसं घुसतात, तरी मुख्य पात्रांपैकी कुणी मरत नाही. मग एकदम वर्षभराची उडी. उडीनंतर पोरं एका पडक्या देवळात राहून गावातून अन्न चोरताहेत. आणि पाचव्या भागाच्या शेवटी नॉर्मन परत! मांगात एमा आणि वाचक दोघांनाही या भेटीसाठी ऐंशीहून जास्त प्रकरणं थांबावं लागतं. इथे मागच्या सीझनच्या शेवटाकडे गेलेला मुलगा पाच भागांत हजर. वियोगच झाला नाही तर भेटीत काय रडायचं?

---

कडूकारले

मला हे 'मांगा म्हणजे सोनं, मालिका म्हणजे माती' पटत नाही. मांगाचा उत्तरार्धही काही धड नाही. राक्षसांच्या राजधानीचा सगळा प्रकार घाईत उरकलाय. त्यांची राणी लेग्रवालिमा मेली म्हणता म्हणता परत उठते. फार्म चालवणारा माणूस पीटर रात्री ('रात्री' हे आडनाव) आयुष्यभर पोरं विकतो आणि शेवटी दोन पानांत पश्चात्ताप. वीस खंडांतले शेवटचे पाच-सहा वाचताना लेखकाला घरी जायची घाई आहे असं वाटत राहतं.

आणि एमाचं म्हणाल तर ती मांगातही शेवटी सुटतेच की. कुणालाच फारसं काही गमवावं लागत नाही.

---

पानापानात

@कडूकारले, उत्तरार्ध घाईचा आहे हे मान्य. राजधानीबद्दल तुमच्याशी भांडणार नाही.

पण 'गमवावं लागत नाही' हे चूक. राक्षसांशी नव्या करारासाठी 'तो', म्हणजे राक्षसांचा देव, जो मोबदला मागतो तो एमाच्या आठवणी आणि तिची माणसं. माणसांच्या जगात ती एकटी येऊन पडते. बाकीचे तिला शोधत राहतात, सापडते तेव्हा ती कुणालाच ओळखत नाही. वर ती आठवण परत येण्याचा चमत्कारही होत नाही. शेवट गोड आहे, पण त्याचं बिल फाडलेलं आहे. आणि इझाबेला मरते. एमाला वाचवताना, राक्षसाच्या हातून.

मालिकेत एमाच्या आठवणी शाबूत, इझाबेला जिवंत, आणि सगळे हसत माणसांच्या जगात.

---

भुईनळा

शेवटच्या भागातल्या त्या चित्रहाराबद्दल कुणी बोलणार आहे की नाही? :D

बाकीची मुलं फाटकातून पलीकडे माणसांच्या जगात जातात. एमा, नॉर्मन, रे आणि थोडे जण म्हणतात, आम्ही हे जग सुधारून येतो. मग पडद्यावर स्थिर चित्रं. नवा करार, राजधानीतली उलथापालथ, मुजिका या माणूस न खाणाऱ्या राक्षसीणीचं राज्यारोहण, सगळं काही मिनिटांत, एकही संवाद नाही. मग थेट पुनर्भेट. मांगाचे जवळपास सात-आठ खंड लग्नाच्या अल्बमसारखे भराभर पालटून दाखवले.

ज्याने मांगा वाचला नाही त्याला त्यातलं एकही चित्र समजणार नाही. ज्याने वाचलाय त्याला 'अरेरे, हे असं असं होतं' एवढंच कळणार. मग ती चित्रं होती तरी कुणासाठी?

---

उंबरठा

निर्मितीच्या बाजूने थोडं, म्हणजे सगळं बिल एकट्या लेखकाच्या नावावर फाडलं जाणार नाही.

दुसऱ्या सीझनच्या कथारचनेत तोशिया ओनोंबरोबर स्वतः शिराईंचंही नाव होतं. म्हणजे बदल मूळ लेखकाला अंधारात ठेवून झाले असं म्हणता येत नाही. पण दहाव्या भागापासून श्रेयनामावलीतून त्यांचं नाव गायब झालं. का, याचं उत्तर श्रेयनामावली देत नाही, त्यामुळे पुढचे तर्क मी करत नाही. एवढं मात्र दिसतं की शेवट सगळ्यात जास्त विस्कटलेला आहे तिथेच ते नाव नाही.

वेळापत्रक बघा. सीझन आधी ऑक्टोबर २०२० साठी जाहीर झाला होता, कोविडमुळे जानेवारी २०२१ वर गेला. त्याच तिमाहीत क्लोव्हरवर्क्सच्या आणखी दोन मालिका चालू होत्या, होरिमिया आणि वंडर एग प्रायॉरिटी. एका स्टुडिओच्या तीन मालिका एकाच तिमाहीत. वंडर एगचा शेवट तर वेळेत झालाच नाही, तो विशेष भाग म्हणून जूनमध्ये आला. होरिमियाने १२२ प्रकरणं १३ भागांत कोंबली आणि वगळलेल्यासाठी २०२३ मध्ये वेगळी मालिका काढावी लागली. नेव्हरलँडमध्येही पाचव्या भागानंतर एक आठवडा नवा भाग नाही, जुन्याचीच उजळणी. अकराच भागांच्या सीझनमध्ये उजळणी हवी कुणाला?

पण वेळापत्रकाने चित्रं बिघडतात, हालचाल अडखळते. युगो असावा की नसावा हा निर्णय पटकथेच्या टेबलावर बराच आधी झालेला असतो. त्यामुळे कोविडला मी अर्धेच गुण देतो.

---

रातकिडा

मालिका नुसती बघणाऱ्याच्या बाजूने एक प्रश्न. मी मांगा वाचलेला नाही. युगो कोण हेच मला या धाग्यात कळलं. तरी दुसरा सीझन मला पोकळ वाटला. म्हणजे 'मांगात होतं ते इथे नाही' हे कारण माझ्या बाबतीत लागू नाही. मग मला पोकळ का वाटलं?

---

चौकोनी

@रातकिडा, प्रश्न बरोबर आहे. माझ्या मते मुख्य कारण कथेची जात बदलली हे आहे.

पहिला सीझन म्हणजे बंद घरातला बुद्धिबळाचा डाव. एक घर, एक कुंपण, एक आई, एक तारीख. बघणाऱ्याला नियम माहीत असतात. पाठवणी कधी, यंत्र कुठल्या कानात, भिंत किती उंच, दोरी किती लांब. भागांची नावंसुद्धा तारखा होत्या, पहिल्या भागाचं नाव १२१०४५, म्हणजे १२ ऑक्टोबर २०४५. पळतात तो दिवस १५०१४६. घड्याळ कायम डोक्यावर टिकटिकत होतं. दुसऱ्या सीझनमध्ये नावं नुसते आकडे, भाग एक, भाग दोन. गंमत म्हणून सोडून द्यावं असं वाटतं, पण मालिकेनेच घड्याळ काढून ठेवलं हे त्यातून दिसतं.

बाहेर पडल्यावर नवे नियम हवे होते. राक्षस माणूस का खातात? तर जे खातात त्यासारखे होतात आणि माणूस खाल्ला नाही तर बुद्धी जाऊन जनावर बनतात. हा नियम जबरदस्त आहे, त्यावर अख्खी नैतिक कोंडी उभी राहते. मुजिका आणि तिचा साथीदार सोंजू यांच्या भागात तो सांगितलाही. पण मुजिकाच्या रक्ताने ही गरजच उरत नाही, हे उत्तर इतक्या झटपट समोर येतं की कोंडीला वेळच मिळत नाही. गाठ आवळायच्या आत सुटली.

दुसरी गोष्ट कॅमेरा. पहिल्या सीझनने मांगातली स्वगतं जवळपास सगळी काढली. मांगात नॉर्मन पानभर विचार करतो, मालिकेत तो फक्त बघतो आणि आपण त्याचा चेहरा बघतो. लांबट मार्गिका, दाराच्या फटीतून दिसणारी आई, पाठीमागून हळूच सरकणारी चौकट. संशय आपल्या डोक्यात तयार होत होता. दुसऱ्या सीझनमध्ये पात्रं गोल करून उभी राहतात आणि एकमेकांना माहिती सांगतात. सहावा भाग आठवा, नॉर्मनची योजना. अर्धा भाग सभा चालली आहे.

---

कडूकारले

कॅमेऱ्याचं पटलं. स्वगतं काढायची आणि त्याजागी काही दाखवायचं नाही, हे म्हणजे फोडणी वगळून आमटी.

नॉर्मनवर मात्र बोलायचं राहिलं. मांगातला नॉर्मन थंड डोक्याचा आहे. लॅम्ब्डा या प्रयोगांच्या फार्ममधल्या प्रयोगांनी त्याचं शरीर पोखरलंय, वेळ कमी आहे हे त्याला कळतं. तो राजधानीतच हात घालतो, पदच्युत सरदार गीलानला हाताशी धरून राणी आणि सत्ताधारी घराणी संपवायची आखणी करतो. शत्रूला शत्रूकडून मारायचं. तो चुकीचा आहे, पण मूर्ख नाही.

मालिकेतला नॉर्मन काय करतो? गरीब राक्षसांच्या एका गावात औषध सोडतो. त्यांना मारून सत्तेचा ढिम्म केसही हलत नाही. मग समोर एक छोटी राक्षसीण येते, तिचं नाव एमा, आणि नॉर्मन विरघळतो! म्हणजे त्याला थांबवायला मुद्दा नाही सापडला, नाव सापडलं.

---

भुईनळा

हो, ते नाव ऐकून मी दोनदा मागे जाऊन उपशीर्षक वाचलं.

तो आंधळा म्हातारा राक्षस विल्क मात्र मला आवडला. मांगात नाही तो. राक्षसांच्यातही साधी, भुकेली, पापाने पोळलेली माणसं आहेत (माणसं म्हणावं का?) हे त्याच्या दोन प्रसंगांत कळतं. बदल करायचाच होता तर असा करायचा. त्याच्याभोवती तीन-चार भाग रचले असते तर गोल्डी पाँड नसल्याचं दुःख थोडं कमी झालं असतं. पण त्यालाही शेवटी किल्ली हातात देऊन बाजूला सारला.

---

उंबरठा

इझाबेलाबद्दल. पहिल्या सीझनच्या बाराव्या भागात ती भिंतीवर उभी राहून लोंबकळणाऱ्या दोऱ्या सोडून टाकते, केस मोकळे करते आणि पोरांना मनातल्या मनात निरोप देते. ती हरलेली आहे, आणि हरल्याचं तिला समाधानही आहे. तीच अंगाई, तोच तिच्या लहानपणीचा मित्र लेस्ली, रे तिचाच मुलगा. खलनायिकेचा याहून चांगला शेवट करता येत नाही.

दुसऱ्या सीझनने तिला परत आणलं. पीटर रात्री सांगतो, पोरं पकडून दे, तुला स्वातंत्र्य. शेवटी ती आणि बाकीच्या आया त्याच्यावरच बंदुका रोखतात. हे उलटणं मांगातही आहे, तक्रार त्याची नाही. पण मधे तिच्या मनात काय चाललंय हे एकाही भागात दिसत नाही. दोन-चार वेळा खिडकीतून बाहेर बघताना दिसते, बस. शेवटी उलटली तेव्हा प्रेक्षकाला धक्काही बसत नाही आणि खातरीही पटत नाही.

---

पानापानात

आता उपयोगाचं बोलू. किती भाग लागले असते, याचा हिशेब मी मांडलाय.

पहिल्या सीझनच्या वेगाने, म्हणजे भागाला तीनच्या किंचित वर, उरलेल्या १४४ प्रकरणांना ४६-४७ भाग लागतात. म्हणजे १२ भागांचे चार सीझन. कुठलीही निर्मिती समिती एका फटक्यात हे मान्य करणार नाही, ठीक. पण गोल्डी पाँडचा शेवट साधारण ९५व्या प्रकरणाला होतो. ३८ ते ९५ म्हणजे ५८ प्रकरणं, १९ भाग. मारामारीची प्रकरणं पडद्यावर लवकर संपतात, तिथे भागाला चार धरली तरी एकूण १५-१६ च्या खाली येत नाही. २४ भागांच्या सीझनमध्ये हे ऐसपैस बसलं असतं आणि शेवट लेउविसच्या मृत्यूवर करता आला असता. पुढचा सीझन आला नसता तरी ती कथा अर्धवट वाटली नसती.

११ भागच असतील तर? तर युगोला ठेवायचं, गोल्डी पाँडच्या तोंडावर थांबायचं. सगळं संपवायची सक्ती कुणी केली होती?

---

कडूकारले

शेवट गाठायची हाव. मांगा संपलाय, खंड विकायचेत, म्हणून मालिकेलाही शेवट हवा. टोकियो घूल:री चं २०१८ मध्ये हेच झालं. १७९ प्रकरणं, भाग २४. बघणाऱ्याला कोण कुणाशी का लढतोय हे कळेनासं झालं.

उलट उदाहरण फुलमेटल अल्केमिस्ट. २००३ ची मालिका ५१ भागांची. तिने मांगा अर्धवट असताना स्वतःची वेगळी वाट धरली, पण पूर्ण चालली. मग २००९ मध्ये ब्रदरहुड, ६४ भाग, मांगाप्रमाणे. वाट बदलणं हा गुन्हा नाही. अर्ध्या रस्त्यात रिक्षा सोडून देणं हा आहे.

---

रातकिडा

बरं, मग आता माझ्यासारख्याने काय करायचं? मांगा कुठून सुरू करू? आणि दुसरा सीझन कुणाला सुचवताना काय सांगू?

---

चौकोनी

पहिला सीझन ३७व्या प्रकरणाला संपतो. ते पाचव्या खंडातलं तिसरं. म्हणजे पाचवा खंड घ्यायचा, पहिली तीन प्रकरणं पाहिलेली आहेत, चौथ्यापासून नवं. तिथून विसाव्यापर्यंत सोळा खंड. इंग्रजीत व्हिझ या प्रकाशकाने सगळे काढलेत. दुसऱ्या सीझनमध्ये बघितलेलं डोक्यातून काढूनच वाचा, नाहीतर नॉर्मन कधी येतो याची वाट बघत गोल्डी पाँड घाईत वाचाल.

युगो सहाव्या-सातव्या खंडात भेटतो. गोल्डी पाँड आठ ते अकरा. अकराव्यापर्यंत वाचून आवडलं नाही तर पुढे नाही वाचलं तरी चालेल, कारण कडूकारले म्हणतात ती घाई त्यानंतरच सुरू होते.

---

पानापानात

माझं थोडं वेगळं. शक्य असेल तर पहिल्या खंडापासूनच वाचा. स्वगतांमुळे क्रोन पूर्णपणे वेगळी कळते. मालिकेत ती जवळजवळ विनोदी वाटते, बाहुलीला आपटणारी. मांगात ती या व्यवस्थेतून बाहेर पडायची एकच फट शोधणारी बाई आहे आणि ती फट बंद झाल्यावर मिनर्व्हाचं पेन पोरांना मिळेल अशी सोय करून मरते.

दुसऱ्या सीझनमधले पहिले दोन भाग बघायला हरकत नाही. जंगल, रानटी राक्षस, रेची दमछाक, सोंजू आणि मुजिका. शिकारीनंतर मांसात फूल रोवून देवाची परवानगी मागायचा तो गुप्ना विधी रंगात बघण्यासारखा आहे. तिसऱ्या भागात तळघराचं दार उघडेल. आत युगो नाही हे दिसलं की बंद करा आणि सहावा खंड उघडा.

---

भुईनळा

आणि उजळणीचा भाग?

---

पानापानात

तो तर मुळीच नको.